माझ्यावर कप ठेवू नका

मला वाजवणारी ती गेल्याचा फोन दवाखान्यातून सकाळी आला. दुपारपर्यंत घर माणसांनी भरले आणि कोणीतरी माझ्या झाकणावर चहाचे कप ठेवले. मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे, टेबल नाही. हे तेव्हाच ओरडून सांगायचे होते; पण पट्टी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

कारखान्यातून मी थेट एका हॉटेलच्या जेवणाच्या दालनात आलो. चमच्यांच्या खडखडाटात लोक माझ्यावर गुळमुळीत गाणी वाजवत. मग ती आली. ती जॅझ वाजवायची. जॅझमध्ये धून ठरलेली असते, पण तिच्याशी रोज नव्याने भांडायचे असते. भांडणात ती पटाईत होती. माणसे खायची थांबून ऐकू लागली. मालक वैतागला.

"बाई, जेवणाला शोभेल असं वाजवा."

"तुम्हीच वाजवण्याला शोभेल असं जेवण करा ना!"

नोकरी गेली. मालक मलाही अडगळीत टाकणार होता, तर ती मला हातगाडीवर घालून घरी घेऊन गेली.

हॉटेलात तिला ऐकलेल्या एका दिग्दर्शकाने तिला सिनेमाचे संगीत करायला बोलावले. घरी चित्र पाहायची सोय नव्हती. म्हणून ती प्रसंग वाचायची आणि नवऱ्याला खोलीत चालायला लावायची. नवरा शिंपी, त्यात गुडघा अधू.

"अहो, नायक गाडी पकडायला निघालाय! कापड मोजल्यासारखं काय चालता?"

"त्याला म्हणावं, पुढची पकड."

ती हसायची आणि त्याच्याच पावलांवर वाजवायची. स्टुडिओत संगीत चित्रापेक्षा लांब निघाले. दिग्दर्शक म्हणाला, "कापा." ती म्हणाली, "तुमचं चित्र वाढवा. माणसं अशीच चालतात." अखेर नायकालाच पुन्हा सावकाश चालावे लागले. त्या प्रसंगाला लोक डोळे पुसत. पुढे प्रत्येक सिनेमात तिने हेच केले. तिच्या संथ लयीचे फार कौतुक झाले. गुडघ्याचे कोणालाच ठाऊक नव्हते.

शेवटच्या सिनेमातला एकच प्रसंग राहिला. एक म्हातारा घर सोडून दाराबाहेर जातो. तेवढ्यात ती आजारी पडली. ती गेल्यावर दिग्दर्शकाचा फोन आला, "उरलेलं दुसऱ्याकडून करून घेतो."

तिच्याकडेच वाजवायला शिकलेल्या तिच्या लेकीने ठणकावले, "आईचं काम याच खोलीत पुरं होईल."

नवऱ्याने मात्र माझ्यासाठी जाड खोळ शिवली होती. शिवण सुरेख होती. मला ती मुळीच आवडली नाही.

"बाबा, काढा ती."

"असू दे गं. धूळ बसते."

"धूळ बसू नये म्हणून आईने याला आणलं होतं का?"

तिने खोळ ओढून काढली, झाकण उघडले आणि पहिला सूर लावला. "चाला, बाबा. दारापर्यंत."

तो उठला. चालू लागला. ती त्याच्या पावलांवर वाजवू लागली. माझ्या तारा उतरल्या होत्या, तरी मी एकही सूर गिळला नाही. खोलीच्या मध्यावर तो थांबला. दाराकडे पाहत राहिला. "आज एवढंच," तो म्हणाला. मुलीने झाकण लावले नाही.

मित्रांनो, वाद्य झाकून ठेवणे म्हणजे त्याला जपणे नव्हे. वाजवा, चुका, तारा उतरल्या तर त्या जुळवणाऱ्याला बोलवा. मी फर्निचर व्हायला तयार नाही.

अर्धे संगीत झाले आहे. खोलीच्या मध्यापासून दारापर्यंतचे बाकी आहे.