मुकीचा निरोप

सकाळपासून धाकटीचे पाय जमिनीवर नव्हते. चहा गार झाला, पावाला लोणी लावलं ते खायचं राहिलं, आणि ही बया तालमीच्या खोलीत टेबलाखाली पालथी पडून वायरी जोडत बसली होती. मोठ्या थिएटरच्या व्यवस्थापक बाई आज बाहुल्यांचा खेळ बघायला येणार होत्या. खेळ थोरल्या बहिणीचा, बाहुल्या थोरलीच्या हातच्या, गोष्टही तिचीच. संगीत तेवढं धाकटीचं, आणि तेही सध्या टांगणीला लागलेलं. थोरलीनं अट घातली होती की आज वाजवताना मध्येच बंद पडलं, तर पुढचे सगळे खेळ रेकॉर्ड केलेल्या संगीतावर करायचे. पेनड्राइव्ह लावायचा आणि मोकळं व्हायचं. मग धाकटीनं काय, तिकीट काढून समोर बसावं.

थोरली काही दुष्ट नव्हे हो. तिनं दुधानं तोंड पोळून घेतलं होतं इतकंच. मागे एका शाळेत, ऐन रंगात, धाकटीचा लॅपटॉप गप्प झाला. थोरली आणि तिचा नवरा भर शांततेत कापडाचा अगडबंब देवमासा हलवत राहिले. पुढच्या रांगेतल्या एका पोरानं "मेला वाटतं" असं जाहीर केलं आणि अख्खी शाळा हसून लोटपोट झाली. तेव्हापासून थोरलीच्या एप्रनच्या खिशात तो पेनड्राइव्ह असायचा.

पण धाकटीची मांडामांड बघितली असतीत तर तुम्हीही तिच्याच बाजूला उभे राहिला असतात. सगळ्यांत पुढे मुकी, म्हणजे तिचा कीबोर्ड. दिसायला थेट पियानोच्या घराण्यातली, पण पट्ट्या कितीही बडवा, स्वतःची हूं की चूं नाही. ती फक्त निरोप धाडते: ही पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली, आता बोट उचललं. निरोप जातो लॅपटॉपकडे. लॅपटॉप स्वतःच्या पोटातून लाटा आणि वारा वाजवतो, आणि बाकीचे निरोप वायरीतून दोन खऱ्याखुऱ्या सिंथेसायझरना पोचवतो. त्यांतला जुना, जडशीळ, लाकडी गालांचा तो आजोबा. त्याच्या खर्जातून आई देवमासा बोलायची. दुसरी हातभर लांबीची चिमणी. तिच्यातून हरवलेलं पिल्लू आईला हाका मारायचं. मुकीची डावी बाजू आजोबाची, उजवी चिमणीची, आणि बटणं फिरवली की समुद्र खवळायचा. एकटी बाई दोन हातांनी एवढं सगळं हलवते, या कल्पनेनंच धाकटीला रोज नव्यानं गुदगुल्या व्हायच्या. रोज वाजवताना ती लहान पोरीसारखी खूश असायची, आणि हेच सुख आज पणाला लागलं होतं.

त्यात सकाळीच एक घोळ झाला. आजोबाची वायर घट्ट बसली आहे ना, हे बघायला धाकटीनं एका हातानं खर्जाची पट्टी दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं वायर जरा ओढली, तर ती उपटूनच आली. बरं, पट्टीवरचं बोट काढलं, तरी आजोबा थांबेना. खिडकीची तावदानं थरथरायला लागली. थोरली डिंकानं बरबटलेले हात घेऊन धावत आली आणि काय फुटलं म्हणून विचारायला लागली.

धाकटीनं तिला समजावलं की काही फुटलेलं नाही. पट्टी दाबल्याचा निरोप आजोबाला मिळाला, पण बोट उचलल्याचा निरोप पोचायच्या आत वायर निघाली. त्या बिचाऱ्याला वाटतंय, बोट अजून तिथंच आहे. आता कुणी सांगेपर्यंत तो असाच घुमत राहणार.

"म्हणजे तुझ्यावरच गेलाय," थोरली म्हणाली. "कुणी येऊन थांबवल्याशिवाय थांबायचं कळत नाही."

मग तिनं याला गप्प कसं करायचं ते विचारलं. धाकटीनं आवाजाचं मोठं बटण दाखवलं, थोरलीनं डिंकाच्या बोटांनी ते फिरवलं आणि खोली शांत झाली. जाता जाता तिनं एप्रनचा खिसा चाचपून घेतला. धाकटीनं ते पाहिलं आणि तिला भयंकर राग आला.

दुपारी व्यवस्थापक बाई आल्या. थोरली आणि भाऊजी काळे कपडे घालून देवमाशाच्या मागे उभे राहिले. थोरलीकडे डोकं आणि डोळे, भाऊजींकडे शेपटी. आजोबाला ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून त्याला पडद्याच्या कडेला, थोरलीच्या कोपराशी, स्टुलावर बसवलं होतं.

खेळ सुरू झाला आणि काय सांगू, धाकटीच्या हातांना जणू वारं लागलं होतं. बोट टेकवलं की लाट उठायची, बोट सरकवलं की वारा वळायचा. देवमासा वळला की खर्ज वळायचा, आणि शेपटी आपटली की पाणी उसळायचं. बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. धाकटीला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

वादळ आलं. समुद्र टिपेला पोचला, आई देवमाशानं पिल्लाला शेवटची लांबलचक हाक मारली, धाकटीनं खर्जाची पट्टी दाबून धरली, आणि लॅपटॉपनं मान टाकली. त्याचा स्क्रीन गोठला, बाण हलेना. लाटा नाहीत, वारा नाही, काही नाही. संपलं सगळं, असंच धाकटीला वाटलं, आणि तिनं हात पट्ट्यांवरून काढून घेतले.

पण खर्ज चालूच होता.

आजोबाला बोट उचलल्याचा निरोप मिळालाच नव्हता. सगळा समुद्र एकाएकी गप्प झाला होता आणि त्या शांततेत आई एकटीच हाक मारत होती. पडद्यामागून थोरलीनं देवमाशाचं डोकं हळूहळू इकडून तिकडे वळवलं, जणू आई कान देऊन ऐकतेय. थोरलीला कळलं होतं.

धाकटीला एकदम हुरूप आला. आजोबाला तिनं हात लावला नाही. लॅपटॉपकडून चिमणीकडे जाणारी वायर तिनं उपटली आणि ती थेट मुकीच्या पाठीत खुपसली, मधला दलाल हवाच कशाला म्हणून. मुकीची वीज लॅपटॉपमधून नव्हे, भिंतीतून येत होती, ही देवाची कृपा. भीत भीत तिनं एक पट्टी दाबली. चिमणी बोलली. लांबून, बारीक, पण बोलली. पिल्लानं आईला ओ दिली.

मग तिनं दोन्ही हातांनी पिल्लू वाजवलं, जवळ येणारं, बागडणारं, आईच्या पोटाखालून वर आणि वरून खाली. आयुष्यात तिनं इतकं सुरेख कधी वाजवलं नव्हतं, आणि हे तिला वाजवतानाच कळत होतं. फक्त एक पंचाईत होती. आता आई आणि पिल्लू खोल पाण्यात जाणार, आवाज विरत जायला हवा, आणि आजोबा तर कुणाचंच ऐकत नव्हता. धाकटीचे दोन्ही हात गुंतलेले. तिनं पडद्याकडे नुसतं पाहिलं.

काळ्या बाहीतून एक हात बाहेर आला. देवमाशाचा डोळा जसजसा मिटत गेला, तसतसं त्या हातानं आजोबाचं बटण अगदी सावकाश फिरवलं. डोळा मिटला तेव्हा आवाजही मिटला.

व्यवस्थापक बाईंनी डोळे पुसले, थिएटर तुमचंच समजा म्हणाल्या, आणि सगळं थांबून एकटी आई उरते ती जागा कुणाला सुचली, असं विचारलं. भाऊजी शेपटी सोडून जे हसायला लागले ते थांबेनात. बाईंनी शेवटी हेही विचारलं की संगीत असंच समोर वाजवणार ना.

धाकटी खरं बोलणारी. तिचा चेहरा पडला, पण तिनं बहिणीपुढे हात केला.

"दे तो पेनड्राइव्ह, ताई. अट म्हणजे अट. बंद पडलं."

"पडलं कुठे?" थोरली म्हणाली. "मी केलं बंद. या हातानं."

तिनं खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि भाऊजींच्या हातात कोंबला. मग ती बाईंकडे वळली आणि म्हणाली, "समोरच वाजवणार. त्या जागी ही रोज वायर उपटणार, आणि बोट उचलल्याचा निरोप रोज मी देणार."