चौदा मिलिमीटर

नर्सने शिंपीणबाईंच्या हातावर उठलेल्या गाठीच्या दोन्ही कडा बोटाने चाचपल्या आणि मोजपट्टी लावली.

"चौदा," शिंपीणबाईच आधी म्हणाल्या. साठ वर्षं मापं घेतलेली नजर ती, चुकणार कशी?

परवा वृद्धाश्रमातल्या सगळ्या शहाऐंशी जणांच्या हातावर सुई टोचली होती. एकेका खोलीत चौघं राहतात, तेव्हा क्षयाचा जंतू कुणाच्या अंगात झोपून तर नाही ना, हे बघायला. दोन दिवस कुणाला दुसरा विषय नव्हता. म्हातारे पोस्टमन तर ज्याच्या-त्याच्या हाताशी आपला हात ताडून बघत होते. आज सभागृहात शाळेच्या निकालासारखी गडबड होती. गाठ दहा मिलिमीटरच्या वर गेली की जंतू अंगात आहे, हे एव्हाना सगळ्यांना पाठ होतं; 'चौदा' ऐकताच पोस्टमन पाऊलभर मागे सरले.

डॉक्टरीणबाईंनी शिंपीणबाईंना बाजूला बसवलं. हा आजार नव्हे, जंतू झोपलेला आहे, तुमच्यापासून कुणाला लागण होत नाही, खोलीही बदलायला नको. आधी एक्स-रे काढू, मग गोळ्यांचं ठरवू, असं सगळं समजावून सांगितलं. शिंपीणबाईंचं लक्ष भलतीकडेच होतं.

"हा अंगात शिरला कधी?"

"सांगणं कठीण. कधीकधी लहानपणापासूनही असतो. घरात कुणाला क्षय होता?"

"आईला. मी तीन वर्षांची होते, तेव्हा गेली."

"मग तिच्याकडूनही आला असेल. खात्रीनं नाही सांगता येणार. पण हा बहुतेक अगदी जवळच्या माणसाकडूनच येतो."

शिंपीणबाई खुर्चीत ताठ झाल्या. त्यांना मावशीने वाढवलं होतं. तुला काही होऊ नये म्हणून आईने तुला एकदाही जवळ घेतलं नाही, लांबूनच बघायची, असं मावशी सांगायची. बहिणीचं कौतुक म्हणूनच सांगायची ती; पण पोरीच्या काळजात ते कुसळासारखं रुतलं होतं, ते आजतागायत.

एक्स-रेसाठी नाव पुकारलं, तरी त्या उठल्या त्या थेट ऑफिसातल्या फोनकडे. गुडघ्यांची कुरकुर आज त्यांना ऐकूच आली नाही. मावशीच्या मुलीचा नंबर त्यांनी नर्सकडून लावून घेतला.

"अगं, ऐक. तुझ्या आईला ठाऊकच नव्हतं. माझ्या आईनं मला जवळ घेतलं होतं. चांगलं पोटाशी धरून."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"आत्ताच कळलं," त्या म्हणाल्या.