राणीसरकारांचे गजकर्ण

सासूबाईंच्या मनगटावर अंगठीएवढे लाल वर्तुळ उमटले आणि त्याच दिवशी त्यांनी निकाल देऊन टाकला, की धाकट्या सुनेने जिन्याखालून उचलून आणलेल्या एकडोळ्या बोक्यानेच घरात गजकर्ण आणले. त्यांच्या लांबकेसाळ मांजरीकडे, म्हणजे राणीसरकारांकडे, बोट दाखवायची कोणाची छाती नव्हती. राणीसरकारांची वंशावळ चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगली होती. घरातल्या माणसांपैकी तो मान अद्याप कोणालाही मिळालेला नव्हता.

सुनेचा जीव कासावीस झाला. ड्रॉपरने दूध पाजून तिने तो बोका जगवला होता, आणि संध्याकाळी तिची वाट पाहणारा घरात तेवढा एकच जीव होता. नवरा वाट पाहत असे ती जेवणाची. आयुष्यात प्रथमच धीर करून ती म्हणाली, की आधी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू. सासूबाईंनी मोठ्या मनाने परवानगी दिली आणि साऱ्या घरादेखत बजावले, "ज्याच्या अंगावर गजकर्णाची बुरशी सापडेल, तो या घरात राहणार नाही. मग तो कोणी का असेना."

स्वच्छतेचा नमुना म्हणून त्यांनी राणीसरकारांनाही सोबत घेतले.

डॉक्टरीणबाईंनी पडदे ओढले आणि जांभळा दिवा लावला. बुरशी लागलेला केस त्या उजेडात हिरवा चमकतो, असे त्यांनी सांगितले. बोक्याच्या अंगावर काही चमकले नाही. पिसवा मात्र ढीगभर निघाल्या. मग दिवा राणीसरकारांवर आला, आणि काजव्यांनी झाड पेटावे तशा त्या कानापासून शेपटीपर्यंत उजळल्या. जाता जाता दिवा सासूबाईंच्या शालीवरून फिरला. शालही उजळली.

"दिवा बिघडला असेल," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तो स्वतःच्या बाहीवर धरला. बाही काळीच राहिली. "खात्रीसाठी केस तपासायला पाठवते. पण आजी, हिला उशाशी घेऊन झोपता का?"

"त्याशिवाय तिला झोप लागत नाही."

राणीसरकारांचे केस कापायचे, औषध द्यायचे आणि तपासणी दोनदा निर्दोष येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवायचे, असे ठरले. तपासणीनेही दिव्याचीच री ओढली. सुनेला वाटले, आता सासूबाई शब्द फिरवतील. पण त्या शब्दाच्या पक्क्या. मांजर आणि अंथरूण घेऊन त्या अंगणापलीकडच्या खोलीत गेल्या आणि खिडकीतून राज्य करू लागल्या. कात्री लागलेल्या राणीसरकार धुऊन आटलेल्या मोज्यासारख्या दिसत.

इकडे घरात खुर्च्या हव्या तशा सरकू लागल्या. नवरा जेवताना चक्क बोलू लागला. औषधाने पिसवा गेलेला बोका सोफ्यावर पाय पसरून झोपू लागला.

सातव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दुसरी तपासणीही निर्दोष होती. सुनेने खिडकीकडे पाहिले, मग सोफ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारले, की तिसरी तपासणी करता येईल का.

"गरज नाही हो. कशासाठी?"

"आमच्या आईंना कुठलंही काम घाईत उरकलेलं खपत नाही," सून अतिशय आदराने म्हणाली.