चर न पडलेला रस्ता

मी एक रस्ता बोलतोय, तोही खालमानेनं. अमेरिकेतल्या माँटानाच्या माळावर, डांबरी सडकेपासून ऑरविल हॉगेनच्या गुरांच्या रँचपर्यंत, मधल्या घळीत उतरून ओढा ओलांडणारा मैलभराचा कच्चा रस्ता.

मला आधी गाईंनी पाडलं. ओढ्यावर पाण्याला जायची ती त्यांची वाट. पुढे ऑरविलच्या आजोबांनी तिच्यावर गाडी घातली. ऑरविलनं मात्र मला लाडावून ठेवलं. दर वसंतात ट्रॅक्टरमागे पातं लावून तो मला सारखा करायचा. माझी माती चिकण. पावसात गाडी गेली की वीतभर चर पडतात आणि वाळून उन्हाळाभर तसेच राहतात. म्हणून ओल्या मातीत दुसऱ्याच्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, अशी इकडची रीत.

शेजारच्या ड्वेन फॉसमकडून एकदा ती मोडली. ऑरविलनं कॉफी पिताना चारचौघांत त्याला गाठलं. "ड्वेन, माझ्या रस्त्यावर बटाटे लावायचे होते तर सांगायचं, बियाणं दिलं असतं!" सगळे खो खो हसले. ड्वेन कानापर्यंत लाल झाला. मीही मनातून फुगलो, आता सांगताना लाज वाटते.

यंदा एप्रिलात पावसाची झड लागली असताना ऑरविलची पहिलटकरीण कालवड अडली. वासराचे पाय बाहेर, डोकं आत. त्याच्या बायकोनं, मर्टलनं, ड्वेनला फोन केला, "तुझं वासरू ओढायचं यंत्र घेऊन ये रे, लवकर!"

ड्वेन आला, पण सडकेलाच थांबला. माझ्याकडे पाहिलं आणि यंत्र खांद्यावर टाकून कडेच्या गवतातून चालत निघाला. घळीच्या उतारावर दोनदा घसरून पडला. मला वाटायला हवं होतं, घाल गाडी, फाड मला! पण खरं सांगतो, त्या घटकेला मला बरंच वाटलं.

तो पोचला तेव्हा वासरू गेलं होतं.

"ट्रक कुठंय?" ऑरविलनं विचारलं.

"सडकेला. म्हटलं, तुमच्या रस्त्याला चर पडतील."

मर्टल ऑरविलला म्हणाली, "घे आता तुझा गुळगुळीत रस्ता उशाला!"

दुसऱ्या दिवशी भर पावसात ऑरविलनं स्वतःचा ट्रक माझ्यावर घातला. सडकेपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग तसाच ड्वेनच्या दारात जाऊन म्हणाला, "चुकलो बाबा. पुढल्या वेळी थेट गोठ्यापर्यंत गाडी आण."

आता ते चर वाळून दगड झालेत. येणारा-जाणारा आदळतो आणि मला शिव्या घालतो. घालू देत. तुम्हाला कधी घाई असली तर माझी फिकीर करू नका. मी त्या वासराची केली नव्हती.