मागचा हात

आमचं दोघींचं बिनसलं ते डब्यांवरून. सासूबाईंची नजर गेली, तरी फळीवरचा कुठला डबा कुठे ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. मी मेली शहाणी! सोयीचं पडेल म्हणून सगळे डबे हलवले. त्यांनी मीठ समजून साखर घातली, आणि मी फाडकन बोलले, "आता बसा की स्वस्थ." त्या म्हणाल्या, "बसते. घर तुझंच आहे." तेव्हापासून त्या आपल्या खोलीतल्या खुर्चीत बसून. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

समोर जाऊन माफी मागायची म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. हात मात्र चालतात. बारक्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिणं हा माझा धंदा. म्हटलं, त्यांच्यासाठी आवाजाची पेटी करू. पेटीला चालू-बंदचा खटका आणि बटणं दोनच, पुढे आणि मागे. आत घरच्यांचे आवाज. त्यांचा भाऊ, मग माझा दीर, नवरा, नणंद आणि सगळ्यात शेवटी नणंदेची चिमुरडी.

प्रोग्राम सी भाषेत लिहिला. तिथे कुणी लाड करत नाही. मेमरीची जागा आपणच मागायची, आपणच परत करायची. पेटीची मेमरी एवढीशी, त्यामुळे जो आवाज जिथे मावेल तिथे ठेवला. मग प्रत्येकाला दोन हात दिले. एका हाताने पुढच्याचा पत्ता धरायचा, दुसऱ्याने मागच्याचा. भाऊ एका टोकाला, दीर भलत्याच कोपऱ्यात, तरी रांग एकच. लिहिता लिहिता मला ती माणसं अंधारात बसलेली दिसायची, एकमेकांना न पाहता धरून ठेवलेली. मला फार बरं वाटायचं तेव्हा.

माझा आवाज मी सगळ्यात शेवटी भरला, धीर होत नव्हता म्हणून. "अहो आई, डबे परत तुमच्या जागेवर ठेवलेत. स्वयंपाकघरात या ना." एवढंच. नवरा आणि नणंद यांच्या मधे स्वतःला घुसवलं, भावापासून सुरुवात करून 'पुढे' दाबत सगळे आवाज ऐकले, माझाही ऐकला, आणि पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

पेटी सुरू केली की आधी चिमुरडी बोलेल असं मी देताना करून ठेवलं होतं, कारण त्यांना आधी नातच हवी. मग त्या 'मागे' दाबत भावापर्यंत जातात आणि पेटी बंद करतात. रोज दुपारी भिंतीपलीकडून ऐकू यायचं. चिमुरडीचं खिदळणं. टक. नणंद. टक. नवरा.

मी कुठे गेले?

पहिल्या दिवशी वाटलं, बटण चुकून दोनदा दाबलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी भांडी आपटली. माझा 'अहो आई' सुद्धा कानावर पडू द्यायचा नाही म्हणजे काय! नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "विचार की तिलाच." याला बोलायला काय जातंय? माझं काळीज पार सोलून निघालं होतं.

एका दुपारी टेबलावरच डोळा लागला. लांबलचक ओसरी, तिच्यात एकामागोमाग खोल्या, कोवळा उजेड. मी पुढे चालत गेले. भावाने हात दिला, दिराने दिला, नवऱ्याने माझा हात धरून मला नणंदेपाशी पोचवलं. छान वाटलं. मग मागे वळले, तर नणंदेचा मागचा हात माझ्या खांद्यावरून जाऊन थेट नवऱ्याच्या खांद्यावर. मी मधे उभी, आणि तिला माझा पत्ताच नाही.

"अगं, मी आहे ना इथे!"

"मला कुणी सांगितलंच नाही, वहिनी," ती म्हणाली.

मी ताडकन उठले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नवं माणूस रांगेत घ्यायचं तर चार हात जुळवावे लागतात. नवऱ्याचा पुढचा, माझे दोन्ही आणि नणंदेचा मागचा. मी तीनच जुळवले होते. पुढे जाताना मी होते, मागे येताना नव्हते. आणि तपासताना मी बाई 'मागे' एकदाही दाबलं नव्हतं.

एक ओळ. तेवढी घातली. "जरा दुरुस्ती आहे" म्हणून पेटी नेली, परत आणून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

चिमुरडी. टक. नणंद. टक.

"अहो आई..." मला माझाच आवाज परका वाटला.

पुढचं टक आलंच नाही. मग खुर्ची करकरली आणि भिंतीवरून हात घासत येण्याचा आवाज आला. सासूबाई दारात थांबल्या.

"सगळ्यांचे आवाज भरलेस, तुझाच नव्हता. मला वाटलं, हिचा राग काही जात नाही. रोज शोधायचे मी."

"आणि मला वाटलं, तुम्ही मला मुद्दाम गाळताय."

"मी?" त्या हसल्या की रडल्या, कळलं नाही. मी मात्र रडले.

त्यांनी फळीच्या पलीकडच्या टोकाला हात लावला आणि एकेक डबा चाचपत अलीकडे आल्या. एका डब्यापाशी बोटं थांबली. झाकण काढून चिमूट जिभेवर ठेवली.

"मीठच आहे," त्या म्हणाल्या. "सरक आता, मला जागा दे."

मी सरकले, पण फार लांब नाही.