बोरमाळची पीकपाहणी

लक्ष्मणराव डुंबरे १९५४ च्या उन्हाळ्यात तलाठी म्हणून बोरमाळला आले तेव्हा त्यांचं वय एकतीस होतं. मूळचे ओतूरकडचे. अक्षर वळणदार, बोलणं मोजकं. पुनावळ्याच्या पलीकडे पवनेच्या अंगाला बोरमाळ आणि आणखी दोन लहान खेडी, एवढा त्यांचा साझा. तिन्ही गावांचं दप्तर चावडीतल्या लाकडी पेटीत असे. ते इतकं नीटनेटकं असे की त्यांचे वरिष्ठ, सर्कल यशवंतराव, तपासणीला आले की दुसऱ्या तलाठ्यांना त्याचं उदाहरण देत.

तलाठ्यानं वर्षातून दोनदा, खरिपात आणि रब्बीत, शेतोशेत फिरायचं असतं. कुठल्या तुकड्यात कोणतं पीक उभं आहे आणि ते कोण कसतंय, हे डोळ्यांनी बघून लिहायचं. याला पीकपाहणी म्हणतात. त्याच पावसाळ्यात पिंपरीकडे कारखान्यांसाठी जमिनींची मोजणी चालली होती आणि याद्या करायला आसपासचे तलाठी तिकडे बोलावले होते. लक्ष्मणराव दीड महिना तिकडेच होते. परतले तेव्हा पाहणी तालुक्याला पाठवायला चार दिवस उरले होते. त्यांनी चावडीत बसून आदल्या वर्षीच्या नोंदी उतरवून काढल्या. कुणी काही म्हटलं नाही. पुढच्या दोन्ही वर्षी मोजणीचं काम नव्हतं, तरी त्यांनी तसंच केलं.

त्या पहिल्या वर्षी त्यांनी एक नोंद मात्र बदलली होती. नदीच्या बाजूचा दीड एकराचा एक तुकडा रंगराव बोरगे यांच्या मालकीचा होता आणि कोंडाजी कोयते तो कूळ म्हणून कसत असे. कोंडाजी त्या साली माघात वारला. रंगराव चिंचवडला राहायचे, तिथं त्यांची लाकडाची वखार होती. ते चावडीत आले आणि म्हणाले, "कोंडाजी गेला, भाऊसाहेब. आता आमचं आमीच बघू." लक्ष्मणरावांनी कसणाऱ्याच्या रकान्यात कोंडाजीऐवजी रंगरावांचं नाव लिहिलं आणि पुढे 'खुद्द' असा शेरा मारला. ती ओळ रंगरावांच्या नावानं नव्यानं लिहिताना, त्यांच्या बाकीच्या दोन तुकड्यांत बाजरी होती म्हणून याही तुकड्यात बाजरीच लिहिली.

१९५७ च्या मे महिन्यात कोंडाजीची बायको गोजाबाई चावडीत आली. एक एप्रिलला जे कूळ जमीन कसत होतं ते आता तिचं मालक, असा कायदा झाल्याचं गावभर झालं होतं. गोजाबाईनं उतारा मागितला आणि तिथंच वाचून दाखवायला सांगितलं.

लक्ष्मणरावांनी वाचलं. कसणार रंगराव बोरगे, खुद्द. पीक बाजरी.

"दुसऱ्या कुणाचं वाचलंसा का?" गोजाबाई म्हणाली.

"नाही. नंबर हाच आहे."

"रंगराव कवा आलं हुतं औत घेऊन?"

लक्ष्मणरावांनी नंबर पुन्हा ताडून पाहिला.

"आन बाजरी कुटली?" तिनं विचारलं. "तिथं ढोपरापातूर पाणी साचतंय. माजं मालक हुतं तवाबी भात, आताबी भातच. तुमी बगितलं न्हाई व्हय?"

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. तलाठ्यानं बघितलं असणारच, मग चुकलं कसं, एवढंच तिला कळत नव्हतं. लक्ष्मणराव म्हणाले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या मागोमाग गेले. तीन वर्षं ज्या तुकड्याच्या नोंदी ते लिहीत होते, तिथं ते पहिल्यांदाच पाय ठेवत होते. रस्त्यापासून चांगलं पुरुषभर खाली उतरल्यावर भातखाचरं लागली. बांध नव्या दगडांनी सावरलेले होते. एका कोपऱ्यात राब भाजून रोपांची जागा तयार केलेली होती. गोजाबाईची थोरली मुलगी इंद्रायणी तिथं ढेकळं फोडत होती. त्यांना पाहून तिनं पदर सारखा केला आणि पुन्हा कामाला लागली.

"बांध कुणी घातला?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"आमी दोघींनी. मालक गेल्यावरच्या पावसात फुटला हुता."

"आणि खंड?"

"खंडाचं भात दर साली रंगरावांच्या वखारीवर पोचतं करतो. पावती कुणी दिली न्हाई, आमी मागितली न्हाई."

त्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट तसंच सारलं. बायकोनं, सुमनताईंनी, काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग दुरुस्त करा की." लक्ष्मणराव म्हणाले, "सही झालेली नोंद तलाठ्याला खोडता येत नाही. आणि दुरुस्ती मागायची तर चूक कशी झाली ते लिहून द्यावं लागतं."

त्यांनी यशवंतरावांना गाठलं. सर्कलनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही काही लिहून देऊ नका," यशवंतराव म्हणाले. "बाई अर्ज करील, चौकशी लागेल. उलट शाबीत होईपर्यंत सरकारी नोंद खरी धरतात. तिच्याकडं पावती नाही. प्रकरण आपोआप निकालात निघेल."

"पण नोंद खोटी आहे."

"खोटी कोण म्हणतंय? चुकली असेल. डुंबरे, तुमच्या पाहणीवर माझीही तपासणीची सही आहे. मीही काही बांधावर गेलो नव्हतो."

गोजाबाईनं अर्ज केला. चौकशीची तारीख लागली ती पुढच्या जानेवारीत. मधल्या सात-आठ महिन्यांत लक्ष्मणरावांनी कुणाला काही लिहून दिलं नाही. खरिपाची पाहणी मात्र त्यांनी फिरून केली. तिन्ही गावं, एकूण एक तुकडा, चिखलातून. लोकांना नवल वाटलं. त्या फिरतीत त्यांना आपल्या आणखी अकरा नोंदी चुकलेल्या सापडल्या. त्या त्यांनी एका वेगळ्या कागदावर उतरवल्या आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

चौकशीच्या दिवशी मामलेदारांसमोर आधी रंगराव बोलले. जमीन आपण खुद्द कसतो, सरकारी कागद तसंच सांगतो, एवढंच ते म्हणाले. गोजाबाईला बाजू मांडायला सांगितलं. ती म्हणाली, "आमीच करतो जी. शेजारच्या बांधावाल्यांना इचारा." शेजारचे दोघे आले होते, पण एकजण रंगरावांच्या भावकीची जमीन कसत होता, त्यानं अंग काढून घेतलं, आणि दुसऱ्यानं नीट आठवत नाही म्हणून सांगितलं.

मामलेदारांनी तलाठ्याला उभं केलं. पहिला प्रश्न ते प्रत्येक प्रकरणात एकच विचारत.

"१९५६ च्या खरिपाची पाहणी कोणत्या तारखेला केलीत?"

"केली नाही, साहेब."

मामलेदारांनी मान वर केली. "म्हणजे?"

"शेतावर गेलो नाही. आदल्या वर्षीचं उतरवलं. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच."

"कुठं बसून?"

"चावडीत."

"आणि रंगरावांचं नाव?"

"ते म्हणाले म्हणून लिहिलं. बाईंना विचारलं नाही. ते भाताचं खाचर आहे, साहेब, तिथं बाजरी येऊच शकत नाही. आपण पाहणी करावी." मग त्यांनी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. "आणखी अकरा ठिकाणी असंच झालंय. नंबर लिहिलेत."

यशवंतराव मागच्या बाकावर बसले होते. ते उठून बाहेर गेले.

मामलेदार पुढच्याच आठवड्यात जीपनं बोरमाळला आले आणि खाचरात उतरले. गोजाबाईचं कूळ मान्य झालं. निकाल ऐकून रंगराव लक्ष्मणरावांजवळ आले. ते चिडलेले नव्हते, थकलेले दिसत होते. "कोंडाजी आन मी एका वर्गात हुतो," ते म्हणाले. "मी तिला काडनार नव्हतो. नाव आपल्याकडं असावं, एवढंच."

लक्ष्मणरावांना निलंबित केलं गेलं. पाच महिन्यांनी कामावर घेतलं ते दोन वेतनवाढी रोखून, आणि बदली आंबेगाव तालुक्यातल्या डोंगराकडे. यशवंतरावांना लेखी ताकीद मिळाली. त्यानंतर ते लक्ष्मणरावांशी कधी बोलले नाहीत. अकरा चुकीच्या नोंदींमुळे गावात बरेच दिवस धुसफूस राहिली. त्यांतल्या चारजणांना जमीन मिळाली, चुकीच्या नोंदीवर मालक ठरलेल्या दोघांच्या हातची गेली. ज्यांची गेली ते म्हणत, तलाठ्यानं आपला जीव हलका करायला आमचं वाटोळं केलं. त्यांतला एकजण, सोपानराव, चार पोरं घेऊन चिंचवडला मजुरीला गेला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं लक्ष्मणरावांना वाटलं नाही.

निघायच्या दिवशी नव्या तलाठ्याला जुन्या नोंदी समजावून द्यायला दुपार झाली. सुमनताई सामान घेऊन चावडीच्या ओट्यावर बसल्या होत्या. गोजाबाई टोपलीत आंबेमोहराचे दोन-अडीच पायली तांदूळ घेऊन आली. लक्ष्मणरावांनी ते घेतले नाहीत.

"चूक माझीच होती, बाई," ते म्हणाले.

"व्हय, हुतीच," गोजाबाई म्हणाली. "तांदूळ ताईंसाटनं हायती."

तिनं टोपली सुमनताईंपुढं ठेवली. सुमनताईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. पिशवीचं तोंड उघडून धरलं, आणि गोजाबाईनं सगळे तांदूळ त्यात ओतले. मग तिघंही एसटीच्या फाट्याकडे निघाली. गोजाबाईला तिथपर्यंत यायचं काही कारण नव्हतं. वाटेत ती इंद्रायणीसाठी चिखलीचं एक स्थळ आलंय, पण मुलगा कंपनीत लागलाय आणि त्याला शेतीचं काही येत नाही, असं सुमनताईंना सांगत होती.