राणीच्या फोटोखालचं जेवण

माणूस आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई एकट्याने, शांतपणे, कोणाच्याही नकळत लढत असतो. माझी बहीण सिल्विना हिने ती आमच्या क्लबच्या वार्षिक भोजनात, सगळ्या गावासमोर लढली, आणि मध्येच लिंबू मागितलं.

आमचं गाव दुधाचं. सांता फे प्रांतात अशी गावं पुष्कळ: एक चर्च, एक क्लब, एक सहकारी डेअरी आणि माणसांपेक्षा जास्त गायी. दरवर्षी दुग्धमहोत्सव होतो आणि एक मुलगी राणी म्हणून निवडली जाते. सिल्विना एकोणिसाव्या वर्षी राणी झाली. दुधाची राणी होण्यासाठी तिने आधी दूध सोडलं, मग हळूहळू बाकीचंही सोडलं. गावाने टाळ्या वाजवल्या. मुकुट घातलेला तिचा फोटो क्लबच्या भिंतीवर अजून आहे. गालांची हाडं वर आलेली, डोळे चेहऱ्यापेक्षा मोठे. "काय दिसत होतीस गं तेव्हा!" असं गाव तिला अजून ऐकवतं.

पुढे काही वर्षं न खाण्यात गेली, आणि त्यापुढची न खाणं नि भसाभस खाणं यांच्या पाळ्यांमध्ये. आता ती पंचेचाळिशीची आहे. डेअरीत दुधातली स्निग्धता तपासण्याची नोकरी करते. दैवाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं? दर गुरुवारी बसने राफाएला शहरात एका आहारतज्ज्ञ बाईंकडे जाते. गावाला वाटतं, तिचं तिकडे कोणीतरी आहे. तिने हा समज खोडून काढला नाही. आजारापेक्षा प्रियकर बरा दिसतो.

तर, क्लबच्या वार्षिक भोजनात सोडत असते, आणि तिच्यात बक्षीस म्हणून दरवर्षी दोन्या नॉर्मांचा, म्हणजे नॉर्माबाईंचा, केक असतो. पापुद्र्यावर पापुद्रा, मध्ये तांबूस होईपर्यंत आटवलेलं गोड दूध, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेसाळ डोंगर. दोन्या नॉर्मा महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत, तहहयात. यंदा त्यांचा फ्रिज बिघडला, आणि सिल्विनाचं घर क्लबच्या समोर. केक तिच्याकडे ठेवला गेला. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. त्यात रात्री भोजनाला त्या फोटोसमोर बसायचं, म्हणून तिने दुपारचं जेवण टाळलं. दुपारी आमचं गाव झोपतं. चोरसुद्धा झोपतात. घरात जागे होते ते केक आणि सिल्विना.

पाचला मी केक न्यायला गेलो. ती स्वयंपाकघरात जमिनीवर, फ्रिजला टेकून बसली होती. ट्रे शेजारी होता. ट्रेवर नुसता कागद होता.

"संपला," ती म्हणाली.

"कोणी संपवला?"

"ओस्मार, घरात मी आणि मांजर. मांजराला गोड आवडत नाही."

मी खुर्ची ओढून बसलो. शिकलेला माणूस संकटात जे करतो ते केलं, म्हणजे खोटं सुचवलं. "हातातून पडला म्हणून सांगू."

"सांग. आणि पुढच्या वेळी काय पडला म्हणशील? गाय?"

"बरं, मग तू आज घरीच राहा. बरं नाही म्हणून सांगतो. नाहीतरी इतकं खाल्ल्यावर आता जेवायची काय गरज आहे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डेअरीत पाणी घातलेलं दूध आणलंय.

"हेच ते वाक्य," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं मी हेच स्वतःला सांगतेय. आज रात्री जेवले नाही की उद्या सकाळी हिशेब चुकवायला उपाशी राहणार. आणि उद्या दुपारी पुन्हा इथेच बसणार. ट्रे फक्त दुसरा असेल. आज दुपारी जेवले असते तर आत्ता इथे बसलेच नसते. बाई एकच गोष्ट सांगतात: जे झालं ते झालं, पुढचं जेवण वेळेवर. शिक्षा नाही, उपास नाही."

"पण भूक आहे का तुला?"

"भूक कुठली! पोटात दगड आहे. भुकेचा प्रश्नच नाहीये, वेळेचा आहे. ऊठ, मला हात दे. तोंड धुते."

नऊला आम्ही क्लबात गेलो. दोन्या नॉर्मा दारातच होत्या.

"केक?"

"मी खाल्ला," सिल्विना म्हणाली.

"चाखलास?"

"खाल्ला. पैसे देते."

"सगळा? अगं, तो वीस जणांचा होता!"

"चांगला झाला होता," सिल्विना म्हणाली. हे खरं असल्यामुळे दोन्या नॉर्मा दारातून बाजूला झाल्या.

ही बातमी आमच्या आधी टेबलावर पोचली. जागा नेमकी फोटोखालची मिळाली. हॉलमध्ये तेवढीच रिकामी होती. "राणीसाहेब, टेबलक्लॉथ तरी ठेवा हं!" पलीकडून कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले. वाढप सुरू झालं: मिलानेसा, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेलं मांस, आणि कुस्करलेले बटाटे. सिल्विनापुढे ताट आलं आणि लगेच वर उचललं गेलं. उचलणारी आमची एल्विरा आत्या. आत्या प्रेमाने सगळ्यांनाच जाडे म्हणते, हाडाचा सापळा असलेल्यांनासुद्धा.

"जाडे, तुला आता हे नको असेल. हे मी पलीकडच्या एर्नेस्तोला देते. तू आपला चहा घे."

सिल्विनाने ताटाची कड धरली. आत्यानेही सोडली नाही. बटाटे इकडून तिकडे सरकले.

"आत्या, ताट ठेव."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"आत्या, मला खाण्याचा आजार आहे. ही भिंतीवरची आहे ना, हिलाही होता. हिचं ताट कोणी उचललं नाही, कारण ही ते मागतच नव्हती. मी औषध घेतेय. आजचं औषध मिलानेसा आहे."

सगळ्यांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग आपापल्या ताटाकडे. ताट सर्वांत सोयीचं होतं.

"आणि गुरुवारचा तो माणूस?" आत्याने हळूच विचारलं.

"बाई आहे. आहारतज्ज्ञ."

आत्याला हा धक्का केकपेक्षा मोठा होता. तिने ताट ठेवलं.

सिल्विना जेवायला लागली. पहिला घास तोंडात बराच वेळ फिरला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रुमालाने नव्हे, बाहीने पुसलं. मग लिंबू मागितलं. दुसरा घास. काटा खाली, पाणी, पुन्हा काटा. ती घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती; चढावर सायकल रेटावी तसं चाललं होतं. मध्ये एकदा तिने मान वर करून फोटोकडे पाहिलं, नजर खाली आणली आणि मांसाचा पुढचा तुकडा कापला.

कोणीतरी टाळ्या सुरू करायला हात उचलले.

"नको," ती न बघताच म्हणाली. "टाळ्या एकदा झाल्यात."

सोडत झाली. केकऐवजी डेअरीने चीजचा गोळा दिला आणि तो डेअरीच्या मॅनेजरलाच लागला. तोवर सिल्विनाचं ताट रिकामं झालं होतं. तिने काटा-सुरी शेजारीशेजारी ठेवली. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

तिने नीट विचार केला.

"बटाट्यात मीठ कमी होतं," ती म्हणाली.

मी माझे चाखून पाहिले. कमीच होतं.